हप्ता कळला, व्याज कळले का?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शिक्षकांसाठी संगणकाचे दोन दिवसांचे शिबिर होते. माझे भाषण दुसऱ्या दिवशी होते, म्हणून पहिला दिवस मी मागच्या बाकावर बसून काढला. विषय होता ‘रोजच्या व्यवहारात स्प्रेडशीट’. प्रशिक्षक मेहनती होते. कर्जाचा मासिक हप्ता काढणारे ‘पीएमटी’ हे फंक्शन त्यांनी फळ्यावर लिहिले आणि सर्वांना एकच उदाहरण दिले: कर्ज १० लाख रुपये, व्याज दरसाल दरशेकडा ९, मुदत २० वर्षे म्हणजे २४० हप्ते.

माझ्या पुढच्या बाकावरच्या सरांच्या पडद्यावर उणे ९०,००० आले. शेजाऱ्यांकडे उणे ८,९९७.२६ होते. सर म्हणाले, “दहापट आलंय. दशांशचिन्ह कुठंतरी सरकलं असणार.” प्रशिक्षकांनी सांगितले, “दराला बाराने भागा. आणि ते वजा चिन्ह नको असेल तर सूत्राच्या आधी एक वजा द्या.” तसे केले आणि सर्वांचे उत्तर जुळले. दराला बाराने का भागायचे आणि वजा चिन्ह कोठून आले, हे कोणी विचारले नाही.

मग एका बाईंनी हात वर केला. त्यांनी एका वित्तसंस्थेकडून एक लाख रुपये घेतले होते. व्याज १२ टक्के, मुदत एक वर्ष, हप्ता ९,३३३ रुपये. “सर, पीएमटी ८,८८५ सांगतंय. मग कोण चुकलं?” प्रशिक्षक क्षणभर थांबले आणि म्हणाले, “त्यात त्यांचे काही चार्जेस असतील.” शिबिर पुढच्या फंक्शनकडे वळले.

त्या दिवशी विचारला गेलेला खरा प्रश्न हा एवढा एकच होता आणि तो अनुत्तरित राहिला. यात त्या प्रशिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या पद्धतीने हा विषय आपण सगळेच शिकवतो, तिच्यातच त्या प्रश्नाला जागा नाही. हे असे का झाले आणि काय करता येईल, याचा विचार या लेखात करू.

९०,००० हे उत्तर कशाचे?

आधी सरांच्या उत्तराकडे पाहू. ९०,००० हे चुकीचे उत्तर नव्हते. ते वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर होते. पीएमटीला महिना, वर्ष यांतले काही कळत नाही. त्याला कळतो फक्त ‘कालखंड’. दर कालखंडाला ९ टक्के आणि कालखंड २४०, असे सांगितल्यावर त्याने तसेच गणित केले. १० लाखांवर ९ टक्के म्हणजे ९०,००० रुपये नुसते व्याज. फेड २४० कालखंडांवर पसरली की पहिल्या हप्त्यात मुद्दलापोटी एक पैसासुद्धा पडत नाही. ही रक्कम खऱ्या हप्त्याच्या जवळजवळ बरोबर दहापट यावी, हा निव्वळ योगायोग. पण अशा योगायोगाने माणूस चुकीच्या कारणावर समाधान मानतो. दशांशचिन्ह दुरुस्त केले असते तर उत्तर ९,००० आले असते आणि कोणाला संशयही आला नसता.

आता वजा चिन्ह. अनेकांना ती यंत्राची खोड वाटते. खरे तर त्या फंक्शनमधली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट तीच आहे. आपल्या हाती येणारा पैसा अधिक आणि हातातून जाणारा पैसा उणे, असा हा संकेत आहे. १९८१ साली आलेल्या एचपी-१२सी या गाजलेल्या आर्थिक गणकयंत्रातही तोच होता. आलेले आणि गेलेले सर्व पैसे व्याजासकट एकाच दिवशी मोजले तर त्यांची बेरीज शून्य झाली पाहिजे, हे या साऱ्या फंक्शनांमागचे एकमेव तत्त्व आहे. ‘नको असेल तर आधी वजा द्या’ असे सांगितले की हे तत्त्वच पुसले जाते.

आठवीच्या गणितापासून एक पायरी

हे तत्त्व समजायला संगणक लागत नाही. आठवीत चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलांना हे उदाहरण देऊन पाहा: २,१०० रुपये दरसाल दरशेकडा १० दराने कर्जाऊ घेतले. दोन वर्षांत, वर्षाच्या शेवटी एक असे दोन समान हप्ते देऊन ते फेडायचे आहेत. हप्ता किती?

कर्ज दोन वर्षे तसेच ठेवले असते तर २,१०० × १.२१ म्हणजे २,५४१ रुपये झाले असते. आपण पहिला हप्ता एक वर्ष आधी देतो, म्हणून त्याची किंमत दुसऱ्या वर्षअखेर १.१ पट धरायची. दुसरा हप्ता आहे तेवढाच. म्हणजे २.१ हप्ते बरोबर २,५४१, आणि हप्ता १,२१० रुपये. पडताळा सोपा आहे. पहिल्या वर्षाअखेर २,३१० रुपये देणे झाले. त्यातून १,२१० गेले, उरले १,१००. त्यावर ११० रुपये व्याज धरून १,२१० झाले. ते दिले आणि शिल्लक शून्य.

मोठ्या गृहकर्जाचे गणितही हेच आहे. पहिल्या पद्धतीत गुणोत्तर श्रेढीची बेरीज येते. तिचे सूत्र केले की पीएमटी तयार होते. दुसऱ्या, पडताळ्याच्या पद्धतीत तर सूत्रही लागत नाही. शिलकीवर व्याज मिळवा, हप्ता वजा करा, पुढच्या ओळीवर जा. मला शिक्षकांच्या दृष्टीने ही दुसरी पद्धत जास्त मोलाची वाटते आणि स्प्रेडशीटचे खरे बळही तिच्यातच आहे.

तक्ता आधी, फंक्शन नंतर

स्प्रेडशीटचा जन्म फळ्यावरच्या तक्त्यातून झाला. हार्वर्डच्या व्यवस्थापन महाविद्यालयात शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी पाहिले, की प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडतात आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते. त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ आणले, ते ही पुसापुशी टाळण्यासाठी. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतील, ही मूळ कल्पना. पीएमटीसारखी फंक्शने ही तिच्यावर चढवलेली सोय आहे. आज एक्सेल असो, लिब्रेऑफिस कॅल्क असो की गूगल शीट्स, आपण वर्गात ही सोय शिकवतो आणि मूळ कल्पना सोडून देतो.

बाईंच्या कर्जाचा तक्ता करून पाहू. दर महिना १ टक्का. चार रकाने पुरेत: आरंभीची शिल्लक, व्याज, हप्ता, उरलेली शिल्लक. हप्ता एका वेगळ्या चौकटीत ठेवायचा आणि तो माहीत नाही असे समजून अंदाज करायचा. ८,८०० घातला तर बाराव्या ओळीअखेर १,०७६ रुपये देणे उरते. ९,००० घातला तर १,४६० रुपये जास्त दिले जातात. मुले आकडे बदलत खऱ्या उत्तराकडे सरकतात. येथे थांबून विचारावे: आणखी अंदाज करायची गरज आहे का? हप्ता २०० रुपयांनी वाढवला तर शेवटची शिल्लक २,५३६.५० रुपयांनी घटते आणि हे प्रमाण कायम राहते. म्हणजे संबंध सरळ रेषेचा आहे. ८,८०० मध्ये २०० × १,०७६.४७ ÷ २,५३६.५० म्हणजे ८४.८८ मिळवले की ८,८८४.८८ हे उत्तर येते. आता पीएमटी वापरा. तेच उत्तर येईल आणि ते कोठून आले हे मुलांना माहीत असेल.

तक्त्यात आणखीही बरेच दिसते. पहिल्या हप्त्यात १,००० रुपये व्याज आहे, शेवटच्यात जेमतेम ८८. वर्षभराचे एकूण व्याज ६,६१८.५५ रुपये. हप्ता पूर्ण रुपयांत ८,८८५ केला तर शेवटचा हप्ता सुमारे दीड रुपयाने कमी द्यावा लागतो. पीएमटीच्या एका चौकटीत यातले काहीच दिसत नाही.

बाईंचा प्रश्न

आता ९,३३३ कडे येऊ. त्या वित्तसंस्थेने व्याज ‘फ्लॅट’ धरले होते. म्हणजे एक लाखावर वर्षाचे १२,००० रुपये व्याज आधीच मिळवले आणि १,१२,००० ला बाराने भागले. आपल्या सातवीच्या सरळव्याजाच्या सूत्रासारखेच ते दिसते, म्हणून खटकत नाही. पण सरळव्याजाच्या उदाहरणात सगळे मुद्दल मुदतीअखेर परत होते. येथे ते दर महिन्याला ८,३३३ रुपयांनी परत होते आहे आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू आहे. शेवटच्या महिन्यात ८,३३३ रुपयेच देणे असताना त्यावर १,००० रुपये व्याज पडते. त्या एका महिन्याचा दर झाला १२ टक्के!

वर्षभरात सरासरी शिल्लक निम्म्याहून थोडी जास्त असते. तेव्हा खरा दर सांगितलेल्या दराच्या दुपटीला थोडा कमी असणार, हा अंदाज तोंडी करता येतो. नेमके उत्तर ‘रेट’ नावाचे फंक्शन देते. हप्ते १२, हप्ता उणे ९,३३३.३३, कर्ज अधिक १,००,००० असे सांगितले की महिन्याला सुमारे १.७९ टक्के, म्हणजे वर्षाला २१.४६ टक्के येतात. बाईंना १२ टक्के सांगितले होते. ‘चार्जेस’चा येथे संबंधच नव्हता. पीएमटी चुकले नव्हते, हप्ताही चुकला नव्हता. ‘१२ टक्के’ या शब्दांचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होता.

हप्ता बहुधा देणाराच सांगतो. तो काढायची वेळ ग्राहकावर क्वचित येते. ग्राहकाला हवा असतो दर. म्हणून सामान्य माणसाला पीएमटीपेक्षा रेट अधिक उपयोगी आहे. तरी बहुतेक शिबिरांत पीएमटी शिकवले जाते आणि रेटपर्यंत कोणी पोहोचत नाही. गणिताच्या शिक्षकांनी याकडे पाहावे असे आणखी एक कारण आहे. हप्ता सरळ रेषेच्या नात्याने सापडला; दर तसा सापडत नाही. त्यासाठी सोपे सूत्रच नाही. संगणकही अंदाज करतो, चूक पाहतो, सुधारतो. एक्सेलमध्ये वीस फेऱ्यांत उत्तर पुरेसे स्थिरावले नाही तर ते सरळ चुकीची खूण दाखवते. आमच्या प्रयोगशाळेत अनेक समीकरणे आम्ही असेच सोडवतो.

पाठ्यपुस्तकातले एक कर्ज

हाच निकष आपल्या पाठ्यपुस्तकाला लावून पाहू. दहावीच्या गणित भाग १ च्या २०१८ च्या पुस्तकात, अंकगणिती श्रेढीच्या प्रकरणात कर्जफेडीचे एक उदाहरण आहे. ८,००० रुपये कर्ज, एकूण व्याज १,३६० रुपये, बारा मासिक हप्ते आणि प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा ४० रुपयांनी कमी. पहिला व शेवटचा हप्ता काढायचा. उत्तर १,००० आणि ५६० रुपये. श्रेढीचे उदाहरण म्हणून त्यात काहीच उणे नाही.

पण हे कर्ज आहे कसे? १,३६० म्हणजे ८,००० च्या १७ टक्के. मुले, आणि खरे सांगायचे तर आपणही, हे १७ टक्क्यांचे कर्ज समजून पुढे जातो. स्प्रेडशीटमध्ये एकाखाली एक ८,०००, उणे १,०००, उणे ९६० असे उणे ५६० पर्यंत तेरा आकडे लिहा आणि ‘आयआरआर’ हे फंक्शन लावा. महिन्याला सुमारे २.७८ टक्के येतात, म्हणजे वर्षाला ३३ टक्क्यांहून जास्त. जुन्या भाषेत सांगायचे तर शेकडा पावणेतीन रुपये महिना. गावातला सावकार निदान हा दर तोंडाने सांगत असे. येथे दर हा शब्दच नाही. एकूण व्याज आधी ठरले आहे आणि त्याची केवळ वाटणी करायची आहे.

पुस्तक तयार करणाऱ्यांनी मुद्दाम असे केले, असे मला म्हणायचे नाही. त्यांना श्रेढी शिकवायची होती आणि कर्ज हे निमित्त होते. पण निमित्तातूनही मूल काहीतरी शिकते. ‘एकूण व्याज इतके, हप्ते इतके’ या भाषेची त्याला सवय लागते. पुढे तीच भाषा फटफटीच्या किंवा मोबाईलच्या दुकानात ऐकू आली की ती ओळखीची वाटते. त्याच पुस्तकात अर्थनियोजनाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात जीएसटी व शेअर्स आहेत. हप्त्याचे कर्ज मात्र तेथे नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी शेअर्सपेक्षा हप्तेच जास्त असतात.

फंक्शन जेथे अपुरे पडते

तक्ता करूनही या फंक्शनांवर आंधळा विश्वास ठेवू नये. ती धरून चालतात की दर बदलत नाही, सर्व कालखंड सारखे आहेत आणि सगळे कर्ज पहिल्या दिवशी हाती पडते. प्रत्यक्षात तसे नसते. एक लाखाचे कर्ज १२ टक्क्यांनी, खऱ्या घटत्या शिलकीवर, हप्ता ८,८८४.८८, पण सुरुवातीला २ टक्के शुल्क कापून ९८,००० च हाती दिले. रेटमध्ये कर्ज ९८,००० घाला. दर होतो सुमारे १५.८५ टक्के. दोन टक्क्यांच्या शुल्काने दर जवळजवळ चार टक्क्यांनी वाढला, कारण मुदत छोटी होती.

दुसरे उदाहरण गृहकर्जाचे. २०२१ मध्ये सात टक्क्यांच्या आसपास गृहकर्जे मिळत होती. १० लाखांना २० वर्षांसाठी हप्ता ७,७५३ रुपये. मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. समजा, १० लाख देणे असतानाच कर्जाचा दर ९.५ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला. किती हप्ते लागतील हे सांगणारे ‘एनपर’ फंक्शन येथे उत्तराऐवजी चुकीची खूण दाखवते. विद्यार्थी म्हणेल, सूत्र चुकले. सूत्र चुकलेले नाही. महिन्याचे व्याजच ७,९१७ रुपये आहे. ७,७५३ च्या हप्त्याने ते कर्ज कधीच फिटणार नाही, उलट वाढत जाईल. तक्ता केला असता तर दुसऱ्याच ओळीत शिल्लक वाढलेली दिसली असती.

या गोष्टी केवळ पुस्तकी नाहीत. मुदत वाढवताना असे होऊ नये आणि ग्राहकाला हप्ता वाढवण्याचा पर्यायही द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत शुल्कासह वार्षिक दर आणि हप्त्यांचा तक्ता असलेले माहितीपत्रक देणे बंधनकारक झाले आहे. त्यातला दर घटत्या शिलकीवरच काढायचा असतो. कायद्याने माहिती दिली, ही चांगली गोष्ट झाली. ती वाचता येणे हे मात्र शाळेचेच काम आहे.

वर्गात काय करावे?

माझी सूचना साधी आहे. पहिल्या तासाला संगणक नको. २,१०० रुपयांचे उदाहरण कागदावर करावे. दुसऱ्या तासाला बारा ओळींचा तक्ता, अंदाजाने हप्ता आणि शेवटी पीएमटीने पडताळा. तिसऱ्या तासाला मुलांनी वर्तमानपत्रातली हप्त्याची एखादी जाहिरात आणावी आणि रेट वापरून तिचा खरा दर काढावा. घरच्या कर्जाची कागदपत्रे मात्र मागू नयेत. ती प्रत्येकाची खाजगी बाब आहे. शाळेत संगणक नसेल तर साध्या गणकयंत्रावर सहा हप्त्यांचा तक्ता अर्ध्या तासात होतो.

आणि दहावीच्या त्या उदाहरणाखाली आपल्या हाताने आणखी एक प्रश्न लिहावा: ‘हे कर्ज तुम्ही घ्याल का?’

जेवणाच्या सुट्टीत मी बाईंच्या शेजारी बसून तो तक्ता करून दिला. त्यांचे नऊ हप्ते भरून झाले होते, त्यामुळे व्यवहारात आता काही बदलणार नव्हते. त्यांनी बाराही ओळी वहीत उतरवून घेतल्या. मग म्हणाल्या, “मी पंधरा वर्षं चक्रवाढ व्याज शिकवते आहे.” एवढे म्हणून त्यांनी वही मिटली. दुपारच्या सत्रात प्रशिक्षकांनी पुढचे फंक्शन सुरू केले, तेव्हा पहिला प्रश्न त्यांचाच होता. त्यांनी विचारले, “सर, हे काय धरून चालतं?”